शिंप्याचं घड्याळ

माझी मुलगी लग्न होऊन गेली ते वर्ष. ती गेली शनिवारी आणि सोमवारी जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात भाषा विभागाला नवीन मॅडम आल्या. त्यामुळे ते वर्ष मला कुणाला विचारावं लागत नाही. घरातून एक बाई गेली आणि गाडीत एक आली, असं मी गॅरेजवाल्याला गमतीनं म्हणालो. तो हसला. घरी जाऊन मी सवयीनं दोघांचा स्वयंपाक केला आणि एक ताट वाढून तसंच झाकून ठेवलं.

मी कार्यालयाच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. बायको गेली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. तोवर माझं लॉगबुक बायको लिहायची, तिसरीत गेल्यापासून मुलगी लिहायला लागली. गाडी कुठून कुठे गेली, कशासाठी गेली, मीटर किती झालं, हे रोज लिहावं लागे आणि त्याखाली गाडीतल्या अधिकाऱ्याची सही लागे. मी संध्याकाळी यायचो, वही तिच्यासमोर टाकायचो आणि तोंडी सांगायचो. ती मान खाली घालून लिहायची. शेजाऱ्यांना वाटायचं, बाप मुलीला शुद्धलेखन घालतोय. काय शिस्तीचा माणूस आहे, म्हणायचे.

मला वाचता येत नव्हतं. आकडे येत होते. सही येत होती, पण ती मी चित्र काढावं तशी काढायचो. नोकरीला लागलो तेव्हा गाडी चालवून दाखवली, रस्त्यावरच्या खुणा तोंडपाठ म्हणून दाखवल्या, तेवढ्यावर काम झालं. पुढे तीस वर्षं मी चष्मा विसरलोय, डोळ्यात काहीतरी गेलंय, हात तेलकट आहेत, असं म्हणत काढली. माझा चष्मा कुणी कधी पाहिला नव्हता, कारण तो नव्हताच. बायकोनंतर हे फक्त मुलीला माहीत होतं.

ती गेल्यावर लॉगबुकाचा प्रश्न आला. मी जुनी पानं चाळली. एका आठवड्यात प्रत्येक ओळीवर तेच तेच लिहिलेलं दिसलं, आणि शब्दही थोडेच होते. रोज तेच लिहिलंय म्हणजे रोजचंच काहीतरी असणार, असा मी विचार केला. ते शब्द पाहून पाहून उतरवायला लागलो. एका ओळीला अर्धा तास जायचा. मीटरचा आकडा मात्र माझा, खरा. मॅडम सकाळी गाडीत बसताना सही करायच्या आणि वही मागच्या सीटवर टाकायच्या.

मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या. उंच, चष्म्याच्या, बोलायला तुटक. कार्यालयामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. पहिल्या दिवशी पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसल्या.

"साहेबलोक मागे बसतात," मी म्हणालो.

"मागे बसलं की मला मळमळतं. तुम्हाला अडचण आहे का?"

"मला कशाची अडचण."

"मग चला."

चौसष्ट शाळा होत्या. मॅडमनी प्रत्येक शाळेला गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी द्यायचं ठरवलं होतं. बाईंनी किंवा गुरुजींनी रोज पंधरा मिनिटं मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. धडा शिकवायचा नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, नुसतं वाचायचं. पण त्याआधी मुलं कुठं आहेत ते पाहायला हवं, म्हणून तिसरीच्या प्रत्येक मुलाकडून एक मिनिट वाचून घ्यायचं. एका कागदावर साठ शब्दांचा उतारा होता. मिनिटाच्या आत न अडखळता संपवला तर मूल पास.

आपल्या वर्गाचे शब्द कोणता गुरुजी नीट मोजेल, असं म्हणून मॅडमनी शाळेच्या माणसांना खोलीबाहेर काढलं. मग घड्याळ कोण धरणार? मदतनीस मंजूर झाला नव्हता. त्यांनी बटणाचं घड्याळ माझ्या हातात दिलं. "मूल सुरू झालं की दाबायचं, साठ झाले की म्हणायचं, बस. जमेल?"

"आकडेच बघायचे ना? जमेल."

तर बसायची पद्धत अशी. मूल मधे, कागद त्याच्या पुढ्यात. मॅडमच्या हातात तोच उतारा असलेला दुसरा कागद, आणि मूल चुकलं की त्या शब्दावर पेन्सिलीची खूण. त्यांची नजर सगळा वेळ आपल्या कागदावर. मी समोर. मला कागदात बघण्यासारखं काही नव्हतं. मी मुलाकडे बघायचो.

उतारा एका शिंप्याचा होता. आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिंपी बसतो. त्याच्या दुकानात एक जुने घड्याळ आहे. ते रोज पाच मिनिटे मागे पडते. असं सुरू व्हायचं. शेवटी लोक शिंप्याला विचारतात, घड्याळ दुरुस्त का करत नाहीस, आणि तो म्हणतो, पाच मिनिटे उशिरा का होईना, ते माझ्याशी बोलते तरी. पहिल्या शाळेत ते शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं होतं.

पहिल्या दहा शाळांत मुलं रडकुंडीला आली. कुणी वीस शब्द, कुणी आठ.  मॅडम डबा खायला झाडाखाली एकट्या जायच्या आणि मी गाडीच्या पायरीवर. विसाव्या शाळेनंतर आकडे चढायला लागले. तिसाव्या शाळेनंतर तर शंभरातली ऐंशी मुलं पास. मॅडमचा चेहराच बदलला. पेट्या आधीच्या शाळांत पोचल्या होत्या, बाया वाचून दाखवत होत्या, त्याचा वारा सगळीकडे लागला, असं त्यांना वाटलं. एक दिवस त्या डबा घेऊन पायरीशी आल्या.

"सरका थोडे," म्हणाल्या.

मी सरकलो. त्या दिवसापासून आम्ही एकाच पायरीवर जेवलो. फार बोलायचो असं नाही. त्या शाळांबद्दल बोलायच्या, मी रस्त्यांबद्दल. पण घरी गेल्यावर दिवसभरात कुणाशीतरी बोललो एवढं आठवायचं. मोठे साहेबही खूश होते. हा आकडा वर गेला की काम आणखी तीन वर्षं चालणार, मॅडम निवृत्त होईपर्यंत इथंच राहणार, असं कार्यालयात बोललं जात होतं. मीही मनातल्या मनात तीन वर्षं धरून बसलो होतो.

एकेचाळिसाव्या शाळेत ती मुलगी आली. वेणीचं टोक चावत आत आली, म्हणून मी तिला मनात वेणीवाली म्हणालो. मी बटण दाबलं. ती घडाघडा सुटली. एक शब्द चुकला नाही. मॅडमची पेन्सिल हलली नाही.

पण मी तिच्या बोटाकडे बघत होतो. वाचणाऱ्या मुलाचं बोट लांब शब्दापाशी थबकतं, छोट्यावरून टुणकन पुढे जातं. हिचं बोट ओळीखालून एकसारखं सरकत होतं, टेबल पुसावं तसं. ओळ संपली तरी तोंडातलं वाक्य अर्धंच होतं. आणि डोळे कागदावर नव्हतेच, माझ्या तोंडावर होते. मला हे बोट ओळखीचं वाटलं. मोठे साहेब एखादा हुकूम वाचायला द्यायचे तेव्हा माझं बोट असंच फिरायचं.

अठ्ठेचाळीस सेकंद. मॅडम म्हणाल्या, "छान गं."

सुट्टीत मी गाडीसाठी पाणी आणायला नळावर गेलो. ती तिथंच होती.

"कुणी सांगितलं तुला शिंप्याचं?" मी विचारलं.

ती वेणी चावत राहिली. मग म्हणाली, "आत्याच्या मुलीनं. त्यांच्या शाळेत आधीच झालं. आमच्या बाईंनीपण आठ दिवस म्हणून घेतलं."

"आणि वाचता?"

"वाचता नाही येत." तिनं मागे वळून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं? मॅडमना नाही कळलं."

"मॅडमना वाचता येतं म्हणून नाही कळलं."

तिला ते काही समजलं नाही. "सांगू नका हं, घड्याळकाका."

"वर्गात लिहितेस कसं?"

"शेजारणीचं बघून. चालतं."

"चालतं खरं."

"किती दिवस चालतं?"

"माझं बावन्न वर्षं चाललं," मी म्हणालो आणि बादली उचलली. घराबाहेर कुणाला मी हे पहिल्यांदाच सांगत होतो, आणि तेही एका आठ वर्षांच्या पोरीला. ती हसली नाही. तिनं माझ्या बादलीची कडी दुसऱ्या बाजूनं धरली आणि गाडीपर्यंत आली.

त्यानंतर मी मोजायला लागलो. डाव्या खिशात आगपेटीच्या काड्या ठेवायचो. पाठ म्हणणारं मूल आलं की एक काडी उजव्या खिशात. एका शाळेत तीसपैकी बारा. पुढच्यात सतरा. उतारा आमच्या गाडीपेक्षा जोरात धावत होता. आम्ही पोचायच्या आधी तो शाळेत पोचलेला असायचा. आणि मॅडम प्रत्येक छान मुलागणिक थोड्या ताठ बसत होत्या.

रविवारी मुलगी भेटायला आली. मी तिला सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग गप्प बसा. तुम्हाला कसं कळलं असं विचारतील, तेव्हा काय सांगाल?"

"खरं सांगेन."

ती हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, वडील किती शिकलेत. मी सातवी पास सांगितलं. तुम्ही समोर बसला होतात. मान हलवलीत."

"हलवली."

"मग आता मला तोंडघशी पाडू नका." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "लॉगबुक कोण लिहितं?"

"मीच. तुझ्या जुन्या पानांवरून उतरवतो."

"बघू."

"गाडीत आहे."

ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. जाताना म्हणाली, "एवढी सहा वर्षं काढा बाबा. निवृत्त झालात की मग कुणाला काय सांगायचं ते सांगा." मी बरं म्हणालो. मनापासूनच म्हणालो होतो. पुढचे दोन आठवडे मी मूग गिळून बसलो, काड्या एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत.

चौसष्टावी शाळा झाली तो शुक्रवार. मुलं घरी गेली होती. मॅडम लहान बाकावर गुडघे आवळून बसल्या होत्या आणि बेरीज करत होत्या. सोमवारी आकडा वर जाणार होता. खोलीत खडूचा वास होता, आणि कुणीतरी विसरलेली एक टोपी खिळ्याला लटकत होती. मी दोन्ही खिसे चाचपले. वेणीवाली चौथीत जाईल, मग पाचवीत, आणि मग तिला एक मुलगी होईल जी तिच्यासाठी लिहील. हे माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ आलं. मी समोरच्या बाकावर बसलो.

"मॅडम, माझीपण घ्या."

"काय घ्या?"

"परीक्षा."

त्या हसल्या. आज त्या हसायच्याच मूडमध्ये होत्या. "तुम्ही तिसरीत आहात?"

"घ्या तर खरं. घड्याळ तुम्ही धरा."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि बटण दाबलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिंपी बसतो. मी हे बाराशेच्या वर मुलांच्या तोंडून ऐकलं होतं. शब्द आपोआप येत होते. बोटही फिरवलं. ते माझ्याशी बोलते तरी. संपलं.

"एकावन्न सेकंद," मॅडम म्हणाल्या. "एकही चूक नाही. अहो, माझ्या निम्म्या शिक्षकांपेक्षा बरं वाचता की तुम्ही."

"आता दुसरं काहीतरी द्या."

"दुसरं कशाला?"

"द्या."

त्यांनी पेटीतून वरचं पुस्तक काढलं, मधलं पान उघडलं, माझ्यापुढे ठेवलं आणि घड्याळ दाबलं. मी पानाकडे पाहिलं. चित्रात एक बोकड होता. त्याखाली चार ओळी. मी बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. मॅडम थांबल्या. घड्याळ चालू होतं. आपण आयुष्यभर जिथं बसायचं टाळलं तिथं एक मिनिट बसणं किती मोठं असतं ते मला त्या दिवशी समजलं. साठ झाले. त्या 'बस' म्हणाल्या नाहीत. त्यांनी घड्याळ बंदही केलं नाही.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

मग मी दोन्ही खिशांतल्या काड्या बाकावर काढल्या आणि कोणत्या शाळेपासून काय झालं ते सांगितलं. बोटाचं सांगितलं. नजरेचं सांगितलं. वेणीवालीचं मात्र नाव घेतलं नाही, तसं वचन नव्हतं तरी.

मॅडम आधी चिडल्या. आवाज न चढवता चिडल्या, ते जास्त लागतं. "तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं. तीन आठवडे माझ्या शेजारी बसून जेवत होता." नंतर एकदम काहीतरी आठवल्यासारखं म्हणाल्या, "लॉगबुक. लॉगबुक कोण लिहितं?"

मी गाडीतून वही आणून दिली. त्यांनी चष्मा सावरून वाचायला सुरुवात केली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग पुन्हा पहिल्यावर आल्या.

"यात काय लिहिलंय माहीत आहे तुम्हाला?"

"रोजचंच असेल काहीतरी."

"गाडी दुरुस्तीला," त्यांनी वाचलं. "सोमवार, गाडी दुरुस्तीला. मंगळवार, गाडी दुरुस्तीला. बुधवार, गाडी दुरुस्तीला. सबंध दोन महिने गाडी गॅरेजमध्ये उभी आहे आणि रोज साठ-सत्तर किलोमीटर चालते आहे."

मला कुठं तोंड लपवावं ते कळेना. पण त्यांचं बोट शब्दांवर नव्हतं. ते खालच्या सहीवर होतं. प्रत्येक ओळीखाली त्यांची सही होती.

"मी रोज सही केली," त्या म्हणाल्या. "मी जिल्ह्याला वाचायला शिकवायला आले, आणि मी हे एकदाही वाचलं नाही."

परत येताना त्या मागच्या सीटवर बसल्या. मळमळलं असणार.

चार दिवस त्या मागेच बसल्या. पाचव्या दिवशी पुढचं दार उघडलं आणि माझ्या मांडीवर कागदांचा गठ्ठा ठेवला. वीस नवे उतारे, सगळे त्यांनीच लिहिलेले. "निम्म्या शाळा पुन्हा करायच्या. मूल येईल तेव्हा यातला कुठलाही एक ओढायचा. आणि मी कागदाकडे नाही, बोटाकडे बघणार. चुका लिहायला त्या शाळेतल्या बाईच बसतील. त्यांनाही बघायला शिकू दे."

पुन्हा मोजलं. शंभरातली पंचेचाळीस. वेणीवालीनं तिच्या मिनिटात अकरा शब्द वाचले. प्रत्येक शब्दाला बोट थांबलं, नाक फुगलं, मग शब्द बाहेर आला. खोलीबाहेर पडताना माझ्याजवळून गेली आणि हळूच म्हणाली, "अकरा. पण माझे."

मॅडम मोठ्या साहेबांकडे गेल्या तेव्हा मी पेट्या घेऊन दाराबाहेर उभा होतो.

"ऐंशीचे पंचेचाळीस झाले," साहेब म्हणाले. "मी वर काय सांगू?"

"पंचेचाळीस."

"आधीचा आकडा तोंडी गेलाय हो."

"मग तोंडीच परत मागवा."

"आणि हे ड्रायव्हरचं काय प्रकरण आहे? निरक्षर माणूस शिक्षण खात्यात? लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"गाडी चालवायला ठेवलंय त्यांना. गाडी ते चालवतात. वाचायला मला ठेवलंय." मग वही टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्या पानांवर त्यांनी एक आडवी रेघ मारून खाली लिहिलं होतं: न वाचता सही केली. आणि त्याखाली पुन्हा सही. हे मला नंतर कळलं, स्वतः वाचल्यावर.

माझी नोकरी राहिली. मॅडमची बदली झाली, उन्हाळ्यानंतर दुसऱ्या जिल्ह्यात जायचा हुकूम आला. त्याआधीच्या चार महिन्यांत त्यांनी मला गाडीत बसू दिलं नाही. ज्या शाळेत जाऊ तिथं म्हणायच्या, "गाडीत बसून काय करता? पहिलीत जाऊन बसा." मी मागच्या भिंतीला टेकून बसायचो. पोरं वळून वळून बघायची. एकानं मला पाटी दिली आणि ती पुसायची कशी तेही दाखवलं, मला ते येत नसेल असं समजून. चौसष्ट शाळांच्या पहिलीत मी तुकड्या-तुकड्यानं शिकलो. एक अक्षर एका गावी, दुसरं दुसऱ्या गावी.

कार्यालयात बातमी फुटली ती कुणाच्या तरी मार्फत मुलीच्या सासऱ्यांपर्यंत पोचली. मुलगी आली, बसली नाही. दारातच म्हणाली, "चौदा वर्षं मी तुमच्यासाठी लिहिलं. कुणाला कळू दिलं नाही. तुम्ही एका मिनिटात सांगून टाकलंत." मी तिला पाणी विचारलं. ती नको म्हणाली आणि गेली. ती तीन वर्षं आली नाही. एक ताट झाकून ठेवायची सवय मी त्याच सुमारास मोडली.

मॅडमना मी बस स्टँडवर सोडलं. दोन बॅगा आणि पुस्तकांचं एक खोकं.

"पत्र लिहा," त्या म्हणाल्या. "तपासून पाठवीन."

"किती दिवसांत?"

"ते चुका किती त्यावर."

बस गेली. शेजारची सीट रिकामी घेऊन मी कार्यालयात आलो. नवे साहेब मागे बसायचे आणि गाडीत झोपायचे.

पहिलं पत्र लिहायला मला आणखी दीड वर्ष लागलं. चार ओळी, चार रविवार. ते दहा दिवसांनी परत आलं, लाल पेन्सिलीनं रंगलेलं, एकोणीस चुका, आणि तळाला त्यांची एक ओळ: इथे पन्नास शाळा आहेत. ड्रायव्हर बोलत नाही. मी दुसरं लिहिलं. तेही परत आलं, सतरा. असं नऊ वर्षं चाललं. स्वतःबद्दल त्या तळाच्या एका ओळीपलीकडे कधी लिहायच्या नाहीत. एकदा लिहिलं, निवृत्त झाले, सकाळी उठून कुठे जायचं ते सुचत नाही. एकदा लिहिलं, जिन्यावर पडले, विशेष नाही. एकदा फक्त एवढंच, की मी लिहिलेला अमुक शब्द बरोबर होता, त्यांनीच चुकून खूण केली, क्षमस्व. मी सगळी पत्रं गाडीच्या कागदपत्रांच्या जुन्या पिशवीत ठेवली आहेत.

मुलगी आली ती बाळ घेऊन. नात झाली होती. दुपारभर तिनं घर झाडलं, भांडी पुन्हा घासली. मग टेबलावरची वही उघडून उभी राहिली. नवं लॉगबुक होतं, मी लिहिलेलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"हे माझं अक्षर आहे, बाबा."

तोवर माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. मी तिचीच पानं बघून उतरवत आलो होतो. माझा हात तिच्या हातासारखाच वळला होता, तसाच उजवीकडे झुकलेला, शेवटाला तसाच फराटा. तिनं नातीला माझ्या मांडीवर दिलं आणि पान उलटून सगळं वाचलं. शाळा, रस्ते, मीटर. "गाडी धुतली, यात चूक आहे," म्हणाली आणि कपाटातली पेन्सिल शोधायला लागली.

नात तिसरीत गेली तेव्हा सुट्टीत माझ्याकडे राहायला आली. माझ्यासमोर बसून तिनं मला एक गोष्ट वाचून दाखवली. मी घड्याळ लावलं नाही. लांब शब्दापाशी तिचं बोट थांबायचं, वाट बघायचं, मग पुढे जायचं. मी हे मॅडमना लिहिलं. पान भरून लिहिलं, इतकं मोठं पत्र मी कधी लिहिलं नव्हतं. टाकायच्या आधी दोनदा वाचलं. या वेळी एकही चूक सापडू नये असं मला वाटत होतं.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. मोठ्या पाकिटात, अनोळखी अक्षरात पत्ता. आत माझं पाकीट होतं, न फोडलेलं. सोबत मॅडमच्या भाचीची चिठ्ठी. मावशीच्या टेबलावर लाल पेन्सिल आणि तुमचं नाव-पत्ता घातलेली, तिकिटं लावून ठेवलेली बरीच पाकिटं मिळाली, असं तिनं लिहिलं होतं. मी माझं पत्र उघडून पुन्हा वाचलं. दोन चुका होत्या. आधी त्या मला दिसल्या नव्हत्या. मुलीच्या पेन्सिलीनं मी त्यांच्यावर खूण केली.

मॅडम माझी नात तिसरीत गेली त्या वर्षी, सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला, सोमवारी सकाळी वारल्या.